शब्दचर्चा : ‘शांतता समिती’ म्हणावं की ‘सलोखा समिती’?

विचारणा (ठाणे)
आमच्या वस्तीत दोन्ही समाजांतली काही माणसं मिळून एक काम सुरू करतोय. अफवा उठली की आधी खातरजमा करायची, पोरांची भांडणं वाढायच्या आत मिटवायची, एकमेकांच्या सणाला घरी जायचं. पत्रकावर ‘शांतता स्वयंसेवक’ लिहिलं, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, “हे पोलीस ठाण्यातून आल्यासारखं वाटतं.” शांतता, सलोखा, एकोपा, सौहार्द यांत नेमका फरक काय? आणि हे काम करणाऱ्याला काय म्हणावं?

भिवंडीकर
मावशींचा कान तिखट आहे. ‘शांतता’ हा शब्द मुळात काहीतरी नसल्याचं सांगतो. गलका नाही, दंगल नाही, युद्ध नाही. वर्गात गुरुजी ओरडतात तीही शांतता आणि संचारबंदीतल्या रस्त्यावरची तीही शांतताच. दंगलीनंतरच्या बातमीत हमखास येणारे शब्द आठवा : ‘शहरात तणावपूर्ण शांतता’. आता ‘तणावपूर्ण सलोखा’ म्हणून बघा. म्हणताच येत नाही, कारण सलोख्यात माणसं एकमेकांशी बोलत असावी लागतात.

आमच्या गावाला हा फरक चांगला ठाऊक आहे. ‘शांतता समिती’ म्हणजे गणपती, ईद किंवा मिरवणूक जवळ आली की पोलीस ठाण्यात बोलावलेली प्रतिष्ठितांची बैठक. चहा होतो, सूचना होतात, सण सरला की समितीही सरते. १९८४ च्या दंगलीनं भिवंडी होरपळली होती. १९८८ मध्ये इथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्या या प्रकारातल्या नव्हत्या. पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस शिपाई. सण असो-नसो, बैठक व्हायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडीत दंगल पेटली नाही. पुढे १९९४ पासून मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकारानं तशाच कमिट्या निघाल्या. तिथे नळ, कचरा, गटार यांवरही बोलणं होई. पाण्याच्या रांगेतली ओळख वाईट दिवशी उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे.

एक गंमत म्हणजे बैठकीत ‘सलोखा’ हा शब्द कुणीच उच्चारत नाही. एखादी बाई म्हणते, “दोघांना समोरासमोर बसवा.” दुसरा म्हणतो, “आजच मिटवून टाकू, शुक्रवारपर्यंत नको ठेवायला.” शब्द हवा असतो तो पत्रकाला.

रत्नागिरीकर
‘मोहल्ला’ शब्द जपून वापरा. भिवंडी-मुंबईत तो कुठल्याही वस्तीला चालत असेल, पण कोकणातल्या गावात वाडी, आळी आणि मोहल्ला वेगवेगळे. मोहल्ला म्हणजे मुसलमानांची वस्ती. आमच्याकडे ‘मोहल्ला कमिटी’ म्हटलं की निम्मं गाव म्हणेल, ती त्यांची कमिटी.

शिरोळकर
‘एकोपा’ घरातला, भाऊबंदकीतला. आधीच एक असलेल्यांनी एक राहायचं, तो एकोपा. सलोखा वेगवेगळ्यांमधला. आमच्या तालुक्यात कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो, मोहरम त्याच सुमारास आला तर पंजे आणि गणपती एकाच छताखाली असतात. तिथल्या माणसाला विचारलंत तर तो ‘सौहार्द’ म्हणणार नाही. ‘गुण्यागोविंदानं नांदतो’ म्हणेल. ‘नांदणे’ हे क्रियापद पत्रकात कुठेतरी येऊ द्या. सौहार्द भाषणात शोभतं.

भिवंडीकर
पटलं. व्युत्पत्तीचं थोडं : सलोखा, जुना ‘सलूख’, हा अरबी-फारसी ‘सुलूक’वरून आलेला. हिंदीत ‘सलूक’ म्हणजे वागणूक, मराठीत मात्र त्याचा अर्थ चांगल्या वागणुकीवर स्थिरावला. सरकारी कागदातही तो जिवंत आहे. २०२३ ची ‘सलोखा योजना’ बघा : जमीन एकाच्या ताब्यात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशा शेतकऱ्यांना अदलाबदल करायला मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये, नोंदणी फी तेवढीच. त्याआधी २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम आली. तिच्या नावात तंटा आहे, म्हणजे पुन्हा ‘नसणं’च.

आणखी एक खाचखळगा. ‘जातीय सलोखा’ लिहू नका. वर्तमानपत्री मराठीत ‘जातीय’ म्हणजे हिंदू-मुसलमान असा अर्थ रुळलाय, पण वाचणाऱ्या पोराला त्यात जातच दिसते. ‘धार्मिक सलोखा’ किंवा नुसतं ‘सलोखा’ पुरे.

विचारणा (ठाणे)
आणि माणसाला काय म्हणू? ‘शांतिसैनिक’ कसं वाटतं?

शिरोळकर
विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना काढली, तेव्हा त्या शब्दाला वजन होतं. १९८७ मध्ये श्रीलंकेत भारतीय लष्कर गेलं, त्यालाही ‘शांतिसेना’च म्हटलं गेलं, आणि आता बंदूक डोळ्यांपुढे येते. ‘शांतिदूत’ फार उंचावरचा. ‘मध्यस्थ’ भांडणापुरता, आणि तो बाहेरचा. ‘कार्यकर्ता’ म्हणालात तर पहिला प्रश्न येईल : कुठल्या पक्षाचे?

भिवंडीकर
मी तर पदनाम टाळीन. गटाला ‘सलोखा गट’ म्हणा, माणसाला त्याच्या नावानं ओळखू द्या. पत्रकावर इतकंच लिहा : “गल्लीत काही कानावर आलं तर पुढे पाठवण्याआधी आम्हाला विचारा”, आणि खाली दोन्ही समाजांतल्या माणसांचे फोन नंबर. त्यात निदान दोन बायकांचे असू द्या. दुपारी घरात काय बोललं जातंय ते त्यांना आधी कळतं.