गरम न होणारा डिशवॉशर: हीटर मागवण्याआधी
मेकॅनिकने न मोजताच ‘हीटर गेला’ म्हटलं असेल, तर जरा थांबा. आमच्या मालवणच्या घरी हेच झालेलं. सायकल पूर्ण व्हायची, पण भांडी गार, आणि वाटपाचा (वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा) तेलकट थर तसाच. प्लग काढला, हीटरच्या वायरी सोडवल्या, मल्टिमीटर लावला: रोध (रेझिस्टन्स) २७ ओहम. २००० वॅटला तेवढाच हवा, म्हणजे हीटर ठणठणीत! वायरीची क्लिप मात्र खाऱ्या हवेने हिरवी पडून एका बाजूने जळालेली. टर्मिनल घासून नवी क्लिप बसवली, झालं. तुमच्याकडे तिथे काही बिघाड नसेल, तर बोर्डावरच्या रिलेचं (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) सोल्डरिंग बघा. आणि पावसाळ्यात व्होल्टेजही मोजा; २३० चे १८० झाले की हीटरची ताकद साठेक टक्केच उरते.