सर्वसाधारण ऑडिओ ड्रायव्हर की कंपनीचा? संगणकावर गाणे ऐकण्यासाठी कोणता ठेवावा?

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. सुटे भाग घेऊन जुळवलेल्या माझ्या डेस्कटॉपवर मी नुकतेच विंडोज ११ नव्याने टाकले. इंटरनेट जोडण्याआधीच आवाज सुरू झाला होता, कारण विंडोजने स्वतःचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर (ध्वनीचे यंत्र चालवणारा प्रोग्राम) लावून घेतला होता. त्यावर आवाज स्वच्छ, पण थोडा बारीक आणि कोरडा वाटला. म्हणून मदरबोर्डच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर उतरवून घेतला आणि तो टाकताच आवाज मोठा झाला, खर्ज भरला, डग्ग्याला वजन आले.

आनंद फार टिकला नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात गायक समेवर येऊन क्षणभर थांबला की मागचा तानपुरा हळूहळू फुगत वर येतो आणि पुढची आलापी सुरू होताच पुन्हा दबतो. त्याच फाइली फोनवर ऐकल्या तर असे काही होत नाही. घंटाळीला सहयोग मंदिरात समोर बसून ज्यांनी गाणे ऐकले आहे त्यांना सांगायला नको की तानपुरा असा श्वास घेत नाही.

माझ्याकडे मागच्या हिरव्या जॅकला जोडलेले, ॲम्प्लिफायर आतच असलेले दोन स्पीकर आहेत आणि रात्री हेडफोन वापरतो. फाइली बहुतेक सीडीवरून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) घेतलेल्या आहेत. सर्वसाधारण ड्रायव्हरचा दर्जा खरोखरच कमी असतो का, की मी त्यावरच परत जावे? पुढेमागे यूएसबी डॅक (अंकांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारे बाहेरचे यंत्र) घेण्याचा विचार आहे. त्यालाही त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर लागेल का, हेही कृपया सांगावे.

ऐरोलीचा श्रोता

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. ते आधी वेगळे करतो, म्हणजे तानपुऱ्याचे कोडे आपोआप सुटेल.

अंकांचे विजेच्या लहरींत रूपांतर करण्याचे काम ड्रायव्हर करत नाही. ते मदरबोर्डवरची कोडेक चिप करते, आणि ड्रायव्हर कोणताही असला तरी चिप तीच राहते. संगणक आणि ही चिप यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक इंटेलने २००४ साली आणले. त्याआधी १९९७ चे एसी’९७ हे मानक होते. मानक एकच असल्यामुळेच मायक्रोसॉफ्टचा एक ड्रायव्हर अनेक कंपन्यांच्या चिपांवर चालतो. चिपमधली कोणती वाट कोणत्या जॅककडे जाते ते तो चिपकडूनच वाचून घेतो, नमुन्यांचा दर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापे) ठरवतो आणि स्मृतीतले आकडे चिपकडे जात राहतील अशी व्यवस्था लावतो. या कामात आकडे बदलण्याचा संबंध येत नाही, त्यामुळे आवाज ‘कोरडा’ होण्याला तिथे जागाच नाही.

जागा आहे ती त्याच्या अलीकडे. व्हिस्टापासून विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एका ऑडिओ इंजिनात मिसळला जातो, आणि या इंजिनात ध्वनिप्रक्रियेचे छोटे घटक बसवण्याची सोय आहे. त्यांना एपीओ म्हणतात. कंपनीचा ड्रायव्हर म्हणून आपण जे टाकतो त्यात खरा ड्रायव्हर, हे घटक आणि ते हाताळण्याची खिडकी असे सगळे एका गठ्ठ्यात येते. खर्ज वाढवणे, आभासी सराउंड, आवाजाची पातळी सारखी करणे हे सगळे त्यातलेच. तुमचा फुगणारा तानपुरा म्हणजे यातल्या शेवटच्या प्रकाराचे काम आहे: मोठा आवाज थांबला की तो घटक लहान आवाज उचलून वर आणतो आणि गायकाने तोंड उघडताच पुन्हा खाली ढकलतो. मालिकेतले पुटपुटलेले संवाद ऐकायला हे उपयोगी पडते. ख्यालासाठी ते घातक आहे.

बंद करण्यासाठी सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग साउंड, मग तुमचे स्पीकर निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. तेवढ्यावर थांबू नका. कंपनीची स्वतःची खिडकी असेल तर तीही उघडून इक्वलायझर आणि ‘एन्व्हायर्न्मेंट’ असे काही चालू राहिले आहे का ते पाहा, कारण दोन्ही ठिकाणच्या कळा नेहमी एकमेकींशी बांधलेल्या असतातच असे नाही. उलट, सर्वसाधारण ड्रायव्हरसोबतही विंडोज ‘लाउडनेस इक्वलायझेशन’सारखे काही पर्याय देऊ शकते, तेव्हा तो ठेवला म्हणजे आवाज आपोआप निर्मळ झाला असेही समजू नये.

कोपरीकर

वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण पातळी सारखी करणाऱ्या घटकाला सरसकट घातक म्हणणे मला पटत नाही. घरात सगळे झोपलेले असताना अगदी बारीक आवाजात नाट्यगीत ऐकायचे असेल तर त्याच्याशिवाय ऑर्गन आणि मधल्या बारीक जागा ऐकूच येत नाहीत. मी कंपनीचाच ड्रायव्हर ठेवतो आणि हा पर्याय रात्रीपुरता लावतो. शिवाय काही मदरबोर्डांवर हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर असतो आणि तो चालू करण्याची कळ कंपनीच्या खिडकीतच मिळते. जास्त इम्पीडन्सचे (विजेला जास्त विरोध करणारे) हेडफोन वापरणाऱ्याला सर्वसाधारण ड्रायव्हर पुरा पडत नाही तो अनेकदा याच कारणाने.

खारघरवासी

नौपाडाकर, ‘आवाज मोठा झाला आणि भरला’ हे तुम्ही एका दमात लिहिले आहे, आणि तपासाची खरी जागा तीच आहे. बारीक आवाजात आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. पातळी थोडी वाढवली की काहीही न बदलता खर्ज भरल्यासारखा वाटतो. म्हणून दोन ड्रायव्हरांची तुलना करण्याआधी पातळी जुळवून घेणे आवश्यक आहे, आणि ती कानाने जुळत नाही.

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. आधी दोन्हीकडचे सगळे परिणाम बंद करा, नाहीतर खर्ज वाढवणारा घटक मोजमापच बिघडवील. मग २०० हर्ट्झचा साधा सूर वाजवा. स्वस्त मल्टिमीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि बरेचसे वरच्या वारंवारितेला चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून नेहमीचा १००० हर्ट्झचा सूर इथे टाळलेला बरा. स्पीकर काढून साध्या केबलची पिन जॅकमध्ये घाला, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेचे टोक आणि मुळाकडचा भाग यांना मीटरच्या दोन तारा टेकवा आणि एसी व्होल्टेज वाचा. एका ड्रायव्हरवर १.०० व्होल्ट आणि दुसऱ्यावर १.१२ व्होल्ट आले तर तो जवळजवळ १ डेसिबलचा फरक झाला. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो, आणि घोळ तिथेच होतो. व्हॉल्यूम खालीवर करून दोन्ही आकडे सारखे करा आणि मगच ऐका. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या माझ्या एका मित्राने भरदुपारी खिडकी उघडी ठेवून अशी तुलना केली होती. त्याबद्दल अधिक न लिहिणे बरे.

दुसरी गोष्ट नमुन्यांच्या दराची. सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ आहे आणि विंडोजमध्ये बहुधा ४८ लावलेला असतो. तिथला दर आणि फाइलचा दर वेगळा असेल तर इंजिन प्रत्येक नमुना नव्याने मोजते. हे रूपांतर कानाला कळण्याइतके वाईट असते असे मला वाटत नाही, पण तुमच्या फाइली सीडीच्याच असतील तर दर ४४.१ वर ठेवून तो विषय संपवता येतो.

याहून सरळ मार्ग म्हणजे वासापी एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच प्रोग्रामला ध्वनियंत्र पूर्णपणे देण्याची विंडोजमधली सोय. फूबार २००० सारख्या प्लेयरमध्ये आउटपुट म्हणून तो निवडला की विंडोजचे मिश्रण, दराचे रूपांतर आणि वर सांगितलेले एपीओ हे सगळे वगळून आकडे थेट ड्रायव्हरकडे जातात. गाणे चालू असेपर्यंत त्या स्पीकरवर इतर कोणत्याही प्रोग्रामचा आवाज येत नाही, आणि मला तर तो फायदाच वाटतो. या मार्गाने पातळी जुळवून ऐकले तर दोन ड्रायव्हरांत फरक उरतो का, ते एबीएक्स चाचणीने, म्हणजे कोणते वाजते आहे हे न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीने, पाहा. या चाचणीची फूबारमधली जोडणी (प्लगइन) दोन फाइलींची तुलना करते, दोन ड्रायव्हरांची नाही. म्हणून दोन्ही ड्रायव्हरांवरचा आउटपुट दुसऱ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून त्या फाइली द्याव्या लागतील. खटाटोप आहे, पण वाद मिटतो.

वर्तकनगरचा दुरुस्तीवाला

वरची सगळी चर्चा डेस्कटॉपला लागू आहे. लॅपटॉपवर वाचून कोणी तसेच करू नये म्हणून लिहितो.

लॅपटॉपचे स्पीकर इवलेसे असतात आणि त्यांची उणीव भरून काढणारे इक्वलायझेशन कंपनीने त्या मॉडेलसाठी जुळवून ड्रायव्हरच्या गठ्ठ्यात घातलेले असते. सर्वसाधारण ड्रायव्हर लावला की ते जाते आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्पीकरसाठी स्वतंत्र स्मार्ट ॲम्प्लिफायर चिप असते आणि माइक डिजिटल असतात. योग्य ड्रायव्हर नसेल तर स्पीकर मुके होतात किंवा माइक दिसतच नाही. तिथे लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. चिपच्या कंपनीचा सर्वांसाठीचा गठ्ठा घेतला तर ती जुळणी त्यात असेलच असे नाही.

डेस्कटॉपवरही ड्रायव्हरमुळे खरा फरक पडतो अशी एक जागा आहे. काही सेकंद शांतता राहिली की वीज वाचवण्यासाठी कोडेक झोपतो आणि किती वेळाने झोपायचे हे ड्रायव्हर ठरवतो. गाणे लावल्यावर बारीक ‘टक्’ आवाज येत असेल किंवा पहिल्या आकाराची सुरुवात खाल्ली जात असेल, तर ड्रायव्हर बदलून पाहण्यात अर्थ आहे. सतत येणारी घुमी मात्र कोणत्याच ड्रायव्हरने जात नाही. तिच्यासाठी संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडून बघा, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागचा वापरा.

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीच्या खिडकीत ‘लाउडनेस’ चालू होते. ते बंद करताच तानपुरा जागेवर आला. मीटरने पाहिले तर कंपनीच्या ड्रायव्हरची पातळी थोडी जास्त भरली. ती जुळवल्यावर एक्सक्लुझिव्ह मार्गाने मला दोन्हींत फरक सांगता येत नाही. आता डॅकबद्दल कोणी लिहील का?

ऐरोलीचा श्रोता

यूएसबी ऑडिओचेही मानक आहे. पहिली आवृत्ती १९९८ ची आणि दुसरी २००६ ची. पहिल्या आवृत्तीचे डॅक विंडोजवर नेहमीच विनाड्रायव्हर चालत आले आहेत. त्यांची मजल साधारण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सीडीच्या फाइलींना भरपूर. दुसऱ्या आवृत्तीला मॅक आणि लिनक्स खूप आधीपासून सामावून घेत होते. विंडोजमध्ये ती सोय २०१७ साली विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून आली. ‘डॅकसोबत कंपनीचा ड्रायव्हर टाकलाच पाहिजे’ हा सल्ला मुख्यतः त्याआधीच्या काळातला आहे.

आज कंपनीचा ड्रायव्हर तीन कारणांसाठी लागू शकतो: ध्वनिमुद्रण करताना आसिओ हा कमी विलंबाचा ध्वनिमार्ग हवा असेल, डीएसडी (एका बिटच्या ध्वनिमुद्रणाचा प्रकार) फाइली मूळ रूपात पाठवायच्या असतील, किंवा डॅकचे फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) बदलायचे असेल. नुसते ऐकण्यासाठी विंडोजचा ड्रायव्हर पुरेसा आहे. ॲसिंक्रोनस पद्धतीच्या डॅकमध्ये काळाची मोजणी डॅकमधल्या घड्याळाकडे असते, त्यामुळे संगणकाकडचा ड्रायव्हर बदलून ती सुधारत नाही. मध्येच तडतड झाली तर लेटन्सीमॉन हा विलंब तपासणारा प्रोग्राम चालवून पाहा. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसलेला असण्याची शक्यता अधिक.

तोपर्यंत सर्वसाधारण ड्रायव्हरवर परत जायचे असेल तर कंपनीचा काढून टाकण्याची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, मग संगणकावरच्या यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या आणि ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. परतही तसेच येता येते. विंडोज अपडेट कधीतरी कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवते, तेव्हा नमुन्यांचा दर आणि ‘लाउडनेस’ची कळ या दोन जागा तेवढ्या पुन्हा तपासा.