मदत हवी आहे: तीन साऊंड कार्डं एकत्र, मागचे स्पीकर नंतर बोलतात

कॉम्प्युटरच्या स्पीकरच्या तीन जुन्या जोड्या घरात पडून होत्या. समोर एक, मागे एक, तिसऱ्या जोडीवर सेंटर (मधला) आणि सब (खर्जाचा). कॉम्प्युटरचं स्वतःचं हेडफोनचं भोक आणि यूएसबीची दोन साऊंड कार्डं मिळून ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) केलंय. आवाज सहाही ठिकाणांहून येतो, पण मागचा उशिरा. समोर दार आपटतं आणि मागे ते परत एकदा आपटतं. बाबा म्हणाले, देवळात बसल्यासारखं वाटतंय. रविवारी पाहुणे यायचेत, लवकर सांगा.
(शहापूरकर)

टिळकवाडी_७७: विंडोज कुठलं? कार्डं कुठली? सिनेमा कशात लावतोस? इतकं न सांगता लवकर काय सांगणार, कपाळ?

निपाणीचा_बाबू: कशाला डोकं फोडून घ्यालास! रिसीव्हर घे (सगळे स्पीकर एकाच डब्याला), एचडीएमआय घाल, विषय संपला. मी सेकंडहँड घेतलाय, चार वर्षं झाली, काय त्रास नाही.

शहापूरकर: पैसे असते तर धागा कशाला काढला असता?

खानापूर_रान: ऑप्टिकल वायर लाव. डिजिटल आहे, उशीर होणारच नाही.

टिळकवाडी_७७: ऑप्टिकलमधून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, दोनच चॅनेल जातो. ५.१ हवं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून, बांधून पाठवायचं आणि ते सोडायला पुढे परत रिसीव्हरच. त्याचे स्पीकर साध्या जॅकचे आहेत.

चिकोडी_रात्रपाळी: डॉल्बी म्हटल्यावर आठवलं, यंदा गणपतीत आमच्या गल्लीत डॉल्बी नको असं ठरलंय. ढोल-ताशा बरा.

निपाणीचा_बाबू: दरवर्षी ठरतंय की!

कॅम्पातला: विषयावर या. शहापूरकर, उशीर पहिल्या मिनिटापासून आहे की वाढत जातो?

शहापूरकर: सुरुवातीला एकदम बरोबर. अर्ध्या तासानं जाणवतं, इंटरव्हलपर्यंत असह्य. मधे मधे टक् टक् पण येतं. बंद करून परत लावलं की ठीक.

कॅम्पातला: हे आधी लिहायचं ना! ही वायरची भानगड नाही. प्रत्येक कार्डात त्याचा स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळ, असतो. तिघं म्हणतात सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, पण कुणी थोडं पुढे, कुणी मागे. दोन मनगटी घड्याळं एकाच वेळी लावली तरी आठवड्याने वेगळी वेळ दाखवतात, तसंच. दहा लाखांत ५० चा फरक धर, तासाला ०.१८ सेकंद. तेवढं कानाला चांगलंच कळतं.

टिळकवाडी_७७: म्हणून विंडोजवर हे करूच नये. आसिओफोरऑल नावाचा ड्रायव्हर कार्डं जोडतो, पण व्हीएलसीसारखा प्लेअर त्याच्या आसिओ वाटेनं वाजवतच नाही. त्यापेक्षा सहा चॅनेलचं एकच यूएसबी कार्ड घे, एक घड्याळ, तीन जॅक.

खानापूर_रान: लिनक्स टाक.

टिळकवाडी_७७: आलं लिनक्स.

शहापूरकर: विंडोज कोण म्हणालं? मॅक मिनी आहे, भावानं पुण्याहून दिलेला. त्यातल्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस केलंय, म्हणजे तिन्ही कार्डं मिळून एक.

टिळकवाडी_७७: धन्य आहेस.

कॅम्पातला: मग एक पैसा खर्च नको. त्याच खिडकीत वर क्लॉक सोर्स असतो. तिथे तिघांतलं एकच कार्ड निवड, शक्यतो यूएसबीचं. उरलेल्या दोघांपुढे ड्रिफ्ट करेक्शनची खूण कर. मॅक त्यांचा वेग पहिल्याच्या चालीला जुळवत राहतो. सॅम्पल रेट (सेकंदाचे नमुने) तिघांचाही ४८,००० कर. मग कॉन्फिगर स्पीकर्समध्ये ५.१ निवडून एकेक स्पीकर वाजवून बघ, कुठला कुठे आहे ते.

शहापूरकर: खूण नव्हतीच! केली. सेंटर आणि सब उलटे निघाले, तेही सरळ केले. आता दीड तास झाला, दार एकदाच आपटतंय. बाबा झोपले, म्हणजे पास.

निपाणीचा_बाबू: तरी रिसीव्हर तो रिसीव्हरच.

चिकोडी_रात्रपाळी: तो मॅक मिनी विकणार असलास तर सांग गा.