संबंधांच्या वेळी असह्य वेदना: यावर उपचार आहेत का?

प्रश्न (फोंडा): लग्नाला वर्ष उलटले, तरी आमच्यात संबंध होऊ शकलेला नाही. प्रयत्न केला की योनीचा भाग आपोआप आवळतो, आग होते आणि मांड्या घट्ट मिटतात. एका डॉक्टरीणबाईंनी न तपासताच ‘रिलॅक्स व्हा’ असे सांगून परत पाठवले. सासरी आता ‘गोड बातमी’ची विचारणा सुरू झाली आहे. मी काय करावे?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, पणजी): ताई, हे वर्णन व्हजायनिस्मसशी, म्हणजे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळण्याच्या विकाराशी, जुळते. २०१३च्या डीएसएम-५मध्ये (मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरण-पुस्तिकेत) तो आणि संबंधांच्या वेळची वेदना एकाच विकाराखाली आणली गेली, कारण वेदना, तिची धास्ती आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आवळणे ही एकमेकांना वाढवत राहतात. डोळ्यापाशी बोट आले की पापणी मिटते, तसेच हे इच्छेविना घडते. त्यामुळे नुसत्या ‘रिलॅक्स व्हा’ने काही साधत नाही. आधी जंतुसंसर्ग, त्वचाविकार, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) यांपैकी काही नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. योनीमुखाशी कापूस लावलेली काडी हलकेच टेकवून दुखरी जागा शोधता येते आणि आतील तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी असे नाही. त्यानंतर श्वासाबरोबर स्नायू सैल सोडायला शिकायचे आणि मग सर्वांत बारीक डायलेटर (योनीला हळूहळू सवय करून देणारी गुळगुळीत नळी), भरपूर जेल लावून, स्वतःच्या हाताने वापरायचा. कीगल व्यायाम (हेच स्नायू मुद्दाम आवळण्याचे) मात्र स्वतःहून सुरू करू नका, आवळलेले स्नायू आणखी आवळून त्रास वाढू शकतो.

उत्तर २ (मडगाव): मी यातून गेले आहे. डायलेटर आत गेला की लगेच काढू नका. श्वास सोडताना भोवतीची पकड ढिली होते, ती जाणवेपर्यंत थांबा. त्या काळात आम्ही संबंधांचा प्रयत्न पूर्णपणे बंद ठेवला होता, त्यामुळे जवळ येण्याचीच जी धडकी भरायची ती हळूहळू गेली. सासूबाईंना काय सांगायचे ते मिस्टरांनी सांगावे, ते ओझे तुमच्यावर का?

उत्तर ३ (म्हापसा): समुपदेशनाचा मुद्दा वर राहून गेला, भीती खोल असेल तर ते फिजिओथेरपीच्या जोडीनेच हवे, शक्यतो दोघांनी मिळून. स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने इतर उपायांनी न सुटणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी असतात, तिथून सुरुवात करण्याचे कारण नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्त्रीरोग विभाग आहे आणि मानसोपचाराची आयपीएचबी ही संस्थाही बांबोळीलाच आहे. केसपेपर काढताना कारण चारचौघांत सांगावे लागेल म्हणून जाणे टाळू नका, ‘स्त्रीरोग विभाग’ एवढे म्हणणे पुरते.