मदत हवी आहे : कराड (वारुंजी) विमानतळावर भाड्याच्या छोट्या विमानाने रुग्णाला उतरवण्याबाबत

नमस्कार.

कराडजवळच्या वारुंजी येथील विमानतळावर भाड्याच्या छोट्या विमानाने उतरलेल्या, किंवा तेथे रुग्णाला उतरवून घेतलेल्या मंडळींकडून मला माहिती हवी आहे. आईची मुंबईत मणक्याची शस्त्रक्रिया झाली असून, पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे मेअखेरपर्यंत, तिला पाटण तालुक्यातील आमच्या घरी आणायचे आहे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. मात्र फार वेळ बसवू नका आणि हादरे बसू देऊ नका, असे बजावले आहे. रस्त्याने सात-आठ तास लागतात आणि सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणामुळे जागोजागी वाहतूक वळवलेली असते. त्यामुळे थोरल्या भावाने दोन इंजिनांचे, पंख्याचे किंग एअर जातीचे विमान भाड्याने घ्यायचे ठरवले आहे. हवेतला प्रवास तासाभराच्या आतला आहे. खर्च मोठा आहे, कारण विमान आपल्या तळावर रिकामे परत जाते त्या उड्डाणाचे तासही आपल्याच बिलात धरले जातात. परंतु आईच्या पाठीपुढे त्याचा विचार आम्ही करत नाही.

माझी पहिली काळजी वेळेची आहे. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या बांधकामाच्या काळातली, साधारण 1280 मीटर लांबीची आहे. ढगांतून यंत्राच्या आधारे खाली येण्याची सोय तेथे नसल्याने वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते. अशा उड्डाणाला किमान 5 किलोमीटर दृश्यमानता लागते आणि सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या पुढे ते करता येत नाही. दुसरीकडे, मुंबईच्या मुख्य विमानतळावर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत खासगी आणि भाड्याच्या छोट्या विमानांवर निर्बंध असतात. म्हणजे कलिना बाजूच्या टर्मिनलमधून आम्ही निघणार ते सकाळी अकरानंतर. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी तीन-चारला पश्चिमेकडे आभाळ भरून येते आणि वळीव कोसळतो, हे कराड-पाटण भागातल्या कोणालाही सांगायला नको. शिवाय भर दुपारच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला उडताना जास्त धावावे लागते, आणि कराड साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. परतीचे इंधन मुंबईहूनच भरून आणायचे ठरले, तर तेवढे वजन माणसांतून आणि सामानातून कमी करावे लागेल. आईसोबत भाऊ, परिचारिका आणि ऑक्सिजनचे सिलिंडर एवढे तरी हवेच. ही सगळी गणिते वैमानिक करतोच, याची मला कल्पना आहे. परंतु मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान कराडला प्रत्यक्ष उतरलेल्या कोणी अनुभव सांगितला, तर आम्हाला दिवस आणि वेळ ठरवणे सोपे जाईल.

दुसरा प्रश्न विमानाच्या दाराचा आहे आणि तो मला अधिक छळतो आहे. या विमानाचे दार साधारण 68 सेंटीमीटर रुंद असते, तेच खाली उघडून त्याचा जिना होतो, आणि आतली उंची जेमतेम 145 सेंटीमीटर असल्याने चांगल्या धडधाकट माणसालाही वाकूनच आत जावे लागते. आईला वाकायला सक्त मनाई आहे. विमानात आसने काढून स्ट्रेचर बसवता येतो, असे कंपनीने सांगितले आहे. परंतु तो स्ट्रेचर त्या दारातून आडवाच बाहेर निघतो, की रुग्णाला आधी पट्ट्यांनी बांधून दुसऱ्या फळीवर घ्यावे लागते? त्यासाठी खाली किती माणसे लागतात? मोठ्या विमानतळावर उचलायला प्रशिक्षित कर्मचारी मिळतात. वारुंजीला ती माणसे आम्हालाच न्यावी लागणार असतील, तर गावातली चार तरणी मुले तयार आहेत, पण त्यांना आधी नीट शिकवून ठेवायला हवे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया हा भाग सविस्तर लिहावा.

कोल्हापूरला उतरावे, असे काही नातेवाईक सुचवतात. तेथे नियमित विमानसेवा आहे, चाकांची खुर्ची आणि माणसे मिळतील, हे खरे आहे. पण तेथून कराड सुमारे 75 किलोमीटर, पुढे पाटण, आणि कराडपर्यंतचा रस्ता त्याच महामार्गाच्या कामातून जातो. वारुंजी मात्र पाटणच्या रस्त्यालगत आहे. हवामान बिघडल्यास कोल्हापूर हा पर्याय ठेवावाच लागेल. मग रुग्णवाहिका कराडला उभी करावी की दोन्हीकडे एकेक ठेवावी, यावर आपले मत हवे आहे. सांगलीचा प्रश्नच येत नाही, कवलापूरची धावपट्टी वापरात नाही.

परवान्याबाबत एवढेच विचारतो : भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी कंपनीकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, बिगर-वेळापत्रकी वाहतुकीचा (नॉन-शेड्यूल्ड) परवाना लागतो, तो आम्ही मागितला आहे. त्यावर त्याच विमानाचा क्रमांक असल्याची खात्री करण्यापलीकडे रुग्णाच्या बाबतीत आणखी कोणता कागद पाहावा?

आणि शेवटचे, जे मला कोठेच लिहिलेले सापडले नाही. रुग्णवाहिका थेट विमानापर्यंत आत नेण्याची परवानगी कराडला कोणाकडून घ्यायची, किती दिवस आधी अर्ज करायचा, आणि चालक व मदतनीसांची ओळखपत्रे पोलीस ठाण्यातही द्यावी लागतात का? विमान उभे राहते तेथून फाटकापर्यंतचे अंतर स्ट्रेचर ढकलत उन्हातून कापावे लागणार असेल, तर तशी तयारी आम्हाला आधीच करावी लागेल.