लिस्टिंग टाइप करण्यातलं शिकणं
पूर्वी मासिकात छापून येणारी गेमची लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी, घरच्या संगणकात टाइप करणं म्हणजे निव्वळ हमाली, त्यातून प्रोग्रॅमिंग कुणी शिकत नसे, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अर्धंच पटतं. बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या गेमला ते लागू होत नाही. खेळाडूला किती जीव मिळतात ते ठरवणारी ओळ सापडली की ३ च्या जागी ३० घालून बघता यायचं, आणि खरं शिकणं तिथेच सुरू व्हायचं.

मशीन कोडचं, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांतल्या प्रोग्रॅमचं, मात्र वेगळं. पानंच्या पानं नुसते आकडे! त्यातला एक चुकला तरी कमोडोर ६४ हा घरगुती संगणक जागच्या जागी अडकू शकायचा, आणि आधी सेव्ह केलेलं नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून 'कंप्यूट!' मासिकाच्या प्रकाशकांनी १९८३ मध्ये दिलेल्या दोन छोट्या प्रोग्रॅम्सचं मला फार मोल वाटतं. 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' बेसिकची ओळ टाकून रिटर्न दाबताच चेकसम, म्हणजे त्या ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, दाखवायचा. तो छापील आकड्याशी जुळवायचा. मशीन कोडचे आकडे टाइप करण्यासाठीचा 'एमएलएक्स' तर चेकसम न जुळणारी ओळ स्वीकारतच नसे. १९८४ मधला 'स्पीडस्क्रिप्ट' हा अख्खा वर्ड प्रोसेसर लोकांनी असाच घरी टाइप करून घेतला. पहिल्या प्रूफरीडरला अक्षरांची अदलाबदल मात्र कळत नसे, ती सोय नंतरच्या आवृत्तीत आली.