कंटेनरवरचे छोटे साइड प्रोजेक्ट बघून कोणी नोकरी देतं का?

जुनाअ‍ॅडमिन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इन्फ्राचं काम केलंय, म्हणजे व्हीएम, स्टोरेज, बॅकअप, पॅचिंग, रात्रीअपरात्रीचे कॉल सगळं, आणि आता जॉब शोधतोय. जिथे बघावं तिथे कंटेनर (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बंद) आणि कुबरनेटीस (असे बरेच डबे सांभाळणारी सिस्टिम) मागतात, माझ्या कामात ते जेमतेम होतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून छोटे छोटे प्रोजेक्ट करतोय आणि गिटहबवर ठेवतोय. एक लिंक छोटी करून देणारी सर्व्हिस, पायथनचं फ्लास्क, ते चालवणारा गनिकॉर्न सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या कंपोजवर (एका फाइलवरून सगळे कंटेनर एकत्र उचलतं ते) चालते. दुसरं नेहमीचंच, मोजमापं गोळा करणारा प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख दाखवणारा ग्राफाना. तिसरं म्हणजे पायथनची लहानशी स्क्रिप्ट, कंटेनरमध्ये लूप लावून बसते, दिलेल्या साइट्सची एचटीटीपीएस सर्टिफिकेटं बघते आणि एखादं संपत आलं की मेल टाकते. पण हे सगळं फारच किरकोळ वाटायला लागलंय, लोक सर्व्हिस मेश (सर्व्हिसेसमधली वाहतूक सांभाळणारा थर), आर्गो सीडी (गिटमधून आपोआप डिप्लॉय करणारं) वगैरे लावून केवढाल्या आकृत्या टाकतात. मोठं असं एकच काहीतरी उभं करू का हेच वाढवत नेऊ? ज्यांनी इंटरव्ह्यू घेतलेत त्यांनी खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

पॅनेलवाला
खरं सांगतो मग. ग्राफानाचा डॅशबोर्ड प्रत्येकाच्या रेपोत असतो, तो कोणी बघत नाही. मला तुमचं तिसरं सगळ्यात आवडलं कारण ते काम केलेल्या माणसाला सुचलेलं आहे, ट्युटोरियलमधून उचललेलं नाही. आणि वेळही बरोबर आहे, फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये एक्स्पायरीचे मेल पाठवणं बंद केलं, आणि पब्लिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७ दिवसांवर येतेय. म्हणजे वर्षातून एकदा हाताने बदलायचे दिवस गेले. इंटरव्ह्यूत एवढं जरी बोललात तरी समोरचा सरळ बसतो.
पण मी पुढे विचारणार की तुमची स्क्रिप्टच बंद पडली तर कोणाला कळणार? मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे की पाहणाराच मेलाय? त्याचं उत्तर रेपोत असू दे.

यमलपीडित
पॅनेलवाला म्हणतात ते बरोबर आहे पण पॅनेलपर्यंत पोचल्यावर ना! आधी रिझ्युमे चाळणारा माणूस कुबरनेटीस हा शब्द शोधतो आणि नसला की बाजूला टाकतो, गिटहब उघडायची वेळच येत नाही. म्हणून दादा, नवीन काही उभारू नका, आहे तेच के-थ्री-एसवर (कुबरनेटीसचंच हलकं रूप) नेऊन ठेवा, एका लॅपटॉपवर आरामात बसतं. सर्टिफिकेटवाल्याचा लूप काढून क्रॉनजॉब (ठरल्या वेळी चालून संपणारं काम) करा. सर्व्हिस मेशचं नावसुद्धा घेऊ नका, दोन सर्व्हिसना मेश म्हणजे मुंगीवर अंबारी.

जुनाअ‍ॅडमिन
दोघांचेही आभार. यमलपीडित, लूप काढून क्रॉनजॉब हे पटलं. त्यावरूनच एक विचारतो, एक गोष्ट लक्षात आलीये पण कळली नाहीये. लिंकवाला कंटेनर डॉकर स्टॉप दिला की लगेच थांबतो, सर्टिफिकेटवाला मात्र दर वेळी दहा सेकंद घेतो आणि एक्झिट कोड १३७ दाखवतो. १३७ म्हणजे मेमरी संपली असं वाचलं होतं पण मेमरी तर ढीगभर पडलीये.

सिगटर्म
अहो हेच तर लिहा रेपोत! १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सिगकिल (जबरदस्तीने मारणारा सिग्नल, क्रमांक ९) बसला, एवढंच. मेमरी संपल्यावर कर्नलही सिगकिलच देतो म्हणून लोक १३७ दिसला की मेमरीच्या मागे लागतात, डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपून मारला का) फॉल्स असेल तर तो विषय संपला. तुमच्याकडे काय होतंय की डॉकर स्टॉप आधी सिगटर्म (आवरून थांब असं सांगणारा सिग्नल) पाठवतो, दहा सेकंद थांबतो आणि मग सिगकिल. कंटेनरमध्ये तुमची स्क्रिप्ट पीआयडी १ (पहिली प्रोसेस) असते, आणि पीआयडी १ ने स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावला नसेल तर कर्नल तो सिगटर्म तिच्यापर्यंत पोचूच देत नाही. साध्या मशीनवर तीच स्क्रिप्ट सिगटर्मला पटकन मरते, कारण तिथे पीआयडी १ दुसरं कोणीतरी असतं. गनिकॉर्न स्वतःचा हँडलर लावतो म्हणून लिंकवाला शहाण्यासारखा थांबतो. कंपोजमध्ये त्या सर्व्हिसला इनिट ट्रू करा, मग टिनी नावाचा छोटा प्रोग्राम पीआयडी १ होतो आणि सिग्नल पुढे देतो, किंवा पायथनमध्येच हँडलर लिहा, तोच जास्त बरा कारण अर्धवट काम आवरता येतं. कुबरनेटीसवर हीच मुदत डिफॉल्टला ३० सेकंद असते, त्यामुळे डिप्लॉय रेंगाळतात आणि कोणालाच कारण कळत नाही. मी इंटरव्ह्यूत हा प्रश्न विचारतो आणि कुबरनेटीसची सर्टिफिकेशनं केलेले लोकसुद्धा अडकतात.

पोर्टउघडा
थोडं चिडून लिहितोय कारण हल्ली बघितलेल्या बहुतेक रेपोंत हेच सापडतं. पासवर्ड एन्व्ह (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) किंवा बिल्ड आर्गमध्ये टाकून इमेज (कंटेनरचा साचा) पब्लिक करतात, डॉकर हिस्टरीत सगळं उघडं दिसतं, आणि फाइल पुढच्या लेयरमध्ये डिलीट केली तरी आधीच्या लेयरमध्ये ती असतेच. दुसरं पोस्टग्रेसचा पोर्ट बाहेर पब्लिश करतात आणि यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलंय म्हणून निवांत झोपतात, डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांत) स्वतःचे नियम घालतो, तो यूएफडब्ल्यूला विचारत बसत नाही. कंपोजच्या नेटवर्कमध्ये अ‍ॅपला डेटाबेस नावाने सापडतो, पोर्ट पब्लिश करायची गरजच नाही, ती ओळ काढून टाका. आणि लॉग! डॉकरचे लॉग लिहिणाऱ्या जेसन-फाइल ड्रायव्हरला डिफॉल्टला साइझची मर्यादा नसते, डिस्क भरेपर्यंत लिहीत राहतो.

जुनाअ‍ॅडमिन
इनिट ट्रू केलं, आता लगेच थांबतो आणि कोड १४३ येतो, म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्म. आधीचा आणि नंतरचा आउटपुट रीडमीमध्ये टाकला, हँडलरही लिहितोय. पोर्टची ओळ होती, काढली. पहारेकऱ्यावर पहारा म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या यशस्वी तपासणीची वेळ मेट्रिक म्हणून देणार आणि ती जुनी झाली की प्रोमिथियस अलर्ट देईल, म्हणजे दुसरा प्रोजेक्टही कामाला लागला. के-थ्री-एसवर हलवायच्या आधी पोस्टग्रेस १५ वरून १८ वर न्यायचा विचार आहे, इमेजचा टॅग बदलला की झालं ना?

पॅनेलवाला
नाही, थांबा! मेजर व्हर्जन बदलली की जुन्या डेटा डिरेक्टरीवर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. आधी डेटाचा डंप काढा, रिकाम्या व्हॉल्यूमवर (डेटा ठेवायची जागा) नवीन कंटेनर चढवून त्यात रिस्टोअर करा आणि तसं झालंय हे तपासेपर्यंत जुन्या व्हॉल्यूमला हात लावू नका. शिवाय १८ पासून ऑफिशियल इमेजमध्ये डेटाचा पाथ बदललाय, व्हॉल्यूम कुठे माउंट करताय ते बघून घ्या. डंप घ्यायला लागणारा वेळ, रिस्टोअरचा वेळ, त्या काळात सर्व्हिस किती बंद राहिली, हे लिहून ठेवा, मी पॅनेलवर असलो तर तिथूनच सुरुवात करेन.